मूल हवं असेल तर दिवस कसे धरावेत

लग्नाला वर्ष होत आलं की प्रश्न सुनेला विचारला जातो, उपास सुनेला सांगितले जातात आणि डॉक्टरकडेही एकट्या सुनेलाच नेलं जातं. प्रत्यक्षात दिवस न राहणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये नवऱ्याच्या बाजूचंही काही ना काही कारण सापडतं. म्हणून खाली जे सांगितलंय ते दोघांनी मिळून करायचं आहे. आधी एक गोष्ट लक्षात ठेवा. दोघंही तरुण आणि निरोगी असली तरी एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता फार तर पाचात एक ते चारात एक असते. वर्षभर नियमित संबंध ठेवणाऱ्या १०० जोडप्यांपैकी ८० ते ८५ जणांना यश येतं. दोन-तीन महिने कोरडे गेले म्हणजे काही बिघडलं असं होत नाही.

पहिली पायरी : पाळीची वही

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर (सोनोग्राफीच्या भाषेत ‘अंडं फुटल्यावर’) १२ ते २४ तासच टिकतं. शुक्राणू मात्र योग्य काळात स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे महिन्यात उपयोगाचे दिवस सहाच : अंडं फुटण्याच्या आधीचे पाच आणि फुटण्याचा तो एक. त्यातही फुटण्याआधीचे दोन दिवस सगळ्यात चांगले.

अंडं फुटतं ते पुढची पाळी येण्याच्या साधारण १४ दिवस आधी. इथेच बहुतेकांचं चुकतं. ‘चौदावा दिवस’ ऐकलेला असतो आणि तो सगळ्यांना लावला जातो. पण हा चौदावा दिवस पुढच्या पाळीपासून मागे मोजायचा असतो. जिची पाळी २८ दिवसांनी येते तिचं अंडं चौदाव्या दिवसाच्या आसपास फुटतं, ३३ दिवसांनी येते तिचं एकोणिसाव्याच्या आसपास. हिने सोळाव्या दिवशी ‘झाले दिवस’ म्हणून सोडून दिलं, तर तिचे खरे दिवस दर महिन्याला वाया जातात.

दुसरी चूक पहिल्या दिवसाची. नीट रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस. आदल्या दिवशी नुसता डाग दिसला तर तो धरायचा नाही. आणि काहीजणी चौथ्या-पाचव्या दिवशी डोक्यावरून अंघोळ केल्यानंतर मोजायला लागतात. त्यांचं सगळं गणित चार दिवसांनी पुढे सरकतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर किंवा वहीत निदान सहा पाळ्यांच्या तारखा लिहा. समजा अंतरं आली २७, ३०, २९, ३३, २८, ३१ दिवस. सगळ्यात लहान अंतरातून १८ वजा करा : २७ − १८ = ९. सगळ्यात मोठ्या अंतरातून ११ वजा करा : ३३ − ११ = २२. म्हणजे नवव्यापासून बाविसाव्या दिवसापर्यंत कधीही संधी आहे. पाळी ३ तारखेला आली असेल तर ११ ते २४ तारीख. हा पट्टा लांबलचक वाटतो, पण पुढच्या खुणांनी तो आखूड करता येतो. लहान-मोठ्या अंतरात आठ-दहा दिवसांहून जास्त फरक पडत असेल, किंवा पाळी दोन-दोन महिने येतच नसेल, तर हे गणित चालत नाही. अशा वेळी वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

दुसरी पायरी : अंगावरचं पांढरं ओळखा

आपल्याकडे ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हटलं की ते अशक्तपणाचं लक्षण समजून औषध सुरू होतं. पण महिन्यातले तीन-चार दिवस जो स्राव कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक, बुळबुळीत असतो आणि दोन बोटांत धरला तर तुटत नाही, ताणला जातो, तो अंडं फुटायला आल्याची खूण आहे. शुक्राणू याच स्रावातून वर चढतात. त्याआधी तो चिकट, दुधी असतो आणि नंतर पुन्हा कोरडेपणा येतो. लघवीला गेल्यावर दिवसातून दोनदा बघा आणि वहीत ‘कोरडं’, ‘चिकट’, ‘ताणणारं’ असा एक शब्द लिहा. ताणणारं दिसायला लागलं की त्या दिवसापासून संबंध ठेवायचे.

खाज, आग, दह्यासारख्या गुठळ्या, हिरवा-पिवळा रंग किंवा घाण वास असेल तर तो संसर्ग आहे, त्याला उपचार हवेत. आतून साबणाने किंवा कुठल्याही द्रावणाने धुऊ नका. बाहेरून साधं पाणी पुरे.

औषधाच्या दुकानात अंडं फुटण्याची तपासणी पट्टी मिळते. सगळ्यात लहान अंतरातून १७ वजा करून येणाऱ्या दिवसापासून (वरच्या उदाहरणात दहाव्या) रोज एक, शक्यतो दुपारी आणि ठरलेल्या वेळीच करा. आधी दोन तास भरपूर पाणी पिऊ नका, लघवी पातळ झाली की रेघ फिकी पडते. तपासणीची रेघ ‘सी’च्या (तुलनेसाठी असलेल्या) रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली तरच ती होकारार्थी. गरोदरपणाच्या पट्टीवर फिकी रेघही चालते, या पट्टीवर नाही. या दोन्हींत खूप गल्लत होते. होकार आला की २४ ते ३६ तासांत अंडं फुटतं, म्हणून तो दिवस आणि दुसरा दिवस सोडू नका. पीसीओडी (अंडाशयाचा विकार, ज्यात अंडं वेळेवर फुटत नाही) असेल तर ही पट्टी खोटा होकार देऊ शकते.

सकाळी उठल्याउठल्या ताप मोजायचीही एक पद्धत आहे. अंडं फुटल्यावर तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने चढतं आणि चढलेलंच राहतं. पण हे कळतं तेव्हा वेळ निघून गेलेली असते, त्यामुळे दोन-तीन महिने आपला क्रम समजून घेण्यापुरताच त्याचा उपयोग.

तिसरी पायरी : संबंध कधी, किती

त्या दिवसांत रोज किंवा एकाआड एक दिवस. दोन्ही चालतं. ‘वीर्य साठवून ठेवलं की ताकद वाढते’ हा समज नुकसान करतो : आठवडाभराच्या संयमानंतर संख्या वाढलेली दिसते, पण शुक्राणूंची चाल मंदावते. सोमवार, गुरुवार, एकादशी पाळणाऱ्या घरांत कधीकधी नेमके दोन महत्त्वाचे दिवस त्यातच जातात. वार पाळायचा असेल तर जरूर पाळा, फक्त त्याच्या आदल्या दिवशीची रात्र चुकवू नका.

साताऱ्याकडचे कितीतरी जण मुंबईत नोकरीला किंवा सैन्यात. खानापूर-आटपाडीकडचे गलाईवाले (सोनं-चांदी गाळणारे) देशभर पांगलेले. रजा मिळते ती यात्रेला, गणपतीला, नाहीतर दिवाळीला. त्यात बायकोचे दिवस जुळतीलच असं नाही. मूल हवं असेल त्या वर्षी रजा वहीवरून ठरवा. अंडं फुटण्याच्या अंदाजाच्या चार-पाच दिवस आधी घरी पोहोचा. दोन दिवस लवकर आलेलं चालतं, कारण शुक्राणू थांबतात. अंडं फुटल्यावर एक दिवस उशिरा पोहोचलात तर मात्र महिना गेला.

कोरडेपणा असेल तर थुंकी किंवा बाजारातली साधी जेल वापरू नका, त्यांनी शुक्राणूंची हालचाल मंदावते. संबंधाची कुठलीही विशिष्ट पद्धत किंवा नंतर पाय वर करून पडून राहणं, यांचा फायदा सिद्ध झालेला नाही. थोडं वीर्य बाहेर येतंच, त्यात काळजीचं काही नाही.

चौथी पायरी : त्याआधीचे तीन महिने

शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. आज सोडलेल्या तंबाखूचा परिणाम तीन महिन्यांनी दिसतो. म्हणून तयारी आधीपासून हवी.

सगळ्यात आधी मिश्री. कितीतरी बायका सकाळी मिश्री लावतात आणि ती व्यसनात धरतच नाहीत. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरडीतून निकोटिन थेट रक्तात जातं आणि गर्भ राहिल्यावर बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका असतो. नवऱ्याच्या गुटखा, मळलेली तंबाखू आणि बिडीने शुक्राणूंची संख्या आणि चाल घटते. दोघांनी एकाच दिवशी सोडलं तर टिकतं, कारण घरात डबी राहत नाही. तंबाखूच्या पुडीवर छापलेला १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे सोडण्यासाठी मदत मिळते. दारूही बंद.

वृषणांना शरीराहून दोन-चार अंश कमी तापमान लागतं. गुऱ्हाळावर चुलवाणापुढे, फाउंड्रीत, गलाईच्या भट्टीजवळ तासन्‌तास काम असेल तर मधूनमधून गारव्यात जा, घट्ट चड्डीऐवजी सैल सुती कपडे वापरा, मांडीवर लॅपटॉप ठेवू नका. लंगोट कुस्तीपुरताच. तासगाव, मिरज, पलूस, कवठेमहांकाळच्या द्राक्षपट्ट्यात छाटणीनंतर फवारणीची रांग लागते. जमत असेल तर या तीन महिन्यांत फवारणीचं काम दुसऱ्याकडे द्या. स्वतःच करायचं असेल तर हातमोजे, मास्क आणि अंगभर कपडे घाला, घरात शिरण्याआधी अंघोळ करा आणि ते कपडे वेगळे धुवा. दिवस राहायची वाट बघणाऱ्या बाईने औषध कालवायला किंवा ते कपडे धुवायला हात लावू नये.

जिममध्ये अंग भरायला टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्या पोरांनी हे नीट वाचावं : बाहेरून हे संप्रेरक आलं की शरीर स्वतःचे शुक्राणू बनवणं थांबवतं. संख्या शून्यावरही येते आणि इंजेक्शन बंद केल्यावर भरून यायला अनेक महिने जातात. तालमीतल्या जोर-बैठकांनी असं काही होत नाही.

बायकोने फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी दिवस राहण्याच्या निदान एक महिना आधी सुरू करावी आणि गरोदरपणाचे पहिले १२ आठवडे चालू ठेवावी. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळून डॉक्टरकडे जाईपर्यंत ते काम होऊन गेलेलं असतं. मधुमेह असेल, फिटची औषधं चालू असतील किंवा आधीच्या बाळाच्या पाठीच्या कण्यात दोष असेल, तर ५ मिलिग्रॅमची गोळी लागते. ती डॉक्टरांना विचारून घ्या. त्याच फेरीत हिमोग्लोबिन (१२ च्या वर हवं), थायरॉईड आणि साखर तपासा.

वजनाचं सांगायचं तर पीसीओडी असलेल्या जाड बाईने पाच ते दहा टक्के वजन उतरवलं, तरी बऱ्याचदा अंडं फुटायला लागतं. ७० किलोची असेल तर साडेतीन ते सात किलो. शाळूची किंवा बाजरीची भाकरी, मटकी, हुलगे, कोरेगावचा वाघ्या घेवडा, मेथी-चाकवत, अंडी, चालत असतील तर मासे, जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी. आपल्याच ताटात सगळं आहे. भाजीवर लिंबू पिळा, लोह जास्त मुरतं, आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो लोह अडवतो. दिवसाला दोन-तीन कप चहा चालतो, त्यातली साखर मात्र मोजा. फारच बारीक असलेल्या बाईचीही पाळी बिघडते, म्हणून उपासांची माळ लावू नका.

गोळ्यांच्या बाबतीत काय बिघडतं

लग्न, सत्यनारायण, गौरी-गणपती आले की पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या जातात. त्या महिन्याचं अंतर वहीत धरू नका. प्रयत्न चालू असताना त्या न घेतलेल्याच बऱ्या. पोटात गर्भ असताना नकळत घेतल्या जाण्याची भीती असते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी पाळीच्या मधल्या दिवसांत अंडं फुटणं अडू शकतं, दुखलंच तर पॅरासिटामॉल घ्या. तांबी काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात. ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेत असाल तर शेवटच्या इंजेक्शननंतर सात ते दहा महिने लागू शकतात, तेव्हा घाबरू नका. फिट, रक्तदाब, मुरुम यांची औषधं चालू असतील तर ती स्वतःहून बंद न करता आधी विचारा.

आणि ‘मुलगाच होईल’ म्हणून दिली जाणारी पुडी घेऊ नका. लिंग औषधाने बदलत नाही, आत काय आहे ते देणाराही सांगत नाही आणि बाळात व्यंग येण्याचा धोका असतो.

पाचवी पायरी : कधी थांबायचं नाही

बायकोचं वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष वाट बघा, ३५ च्या पुढे सहा महिने, चाळिशीत मात्र लगेच डॉक्टरकडे जा. पाळी अनियमित, पाळीत असह्य वेदना, पूर्वी क्षयरोग (त्याने गर्भनलिका बंद होऊ शकतात), पोटाचं ऑपरेशन, नवऱ्याला मोठेपणी गालगुंड होऊन वृषण सुजले होते किंवा लहानपणी वृषण खाली उतरले नव्हते, यांतलं काही असेल तर वय न बघता जा. पहिल्या भेटीलाच दोघं जा.

नवऱ्याची वीर्य तपासणी सुरुवातीलाच करा. तिला सुई नाही आणि इतर तपासण्यांच्या मानाने खर्चही कमी. आधी दोन ते सात दिवस संबंध आणि हस्तमैथुन टाळा. नमुना साध्या कंडोममध्ये घेऊ नका, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. नमुना तासाभरात, अंगाच्या उबेत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. जत किंवा पाटणच्या आतल्या गावातून ते जमणार नाही, म्हणून तिथे जाऊनच द्या. अहवालात एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाखांच्या वर संख्या आणि ४२ टक्के हालचाल असेल तर ठीक. ‘योग्य आकाराचे ४ टक्के’ वाचून हादरू नका, तेवढे पुरतात. एक अहवाल खराब आला तर तेवढ्यावर ठरवू नका; मागच्या तीन महिन्यांत मोठा ताप येऊन गेला असेल तर तसं होतं. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा.

पाळी चुकली की

ठरलेल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी, सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी करा. आशाताईंकडे ‘निश्चय’ची पट्टी मिळते. नकार आला तरी पाळी येत नसेल तर दोन दिवसांनी पुन्हा करा. होकार आला की फॉलिक ॲसिड तसंच चालू ठेवा आणि नोंदणी करून घ्या. होकारानंतर पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, खांद्यात कळ आली किंवा रक्त गेलं, तर सकाळची वाट न बघता त्याच वेळी दवाखान्यात जा. गर्भ नळीत राहिला असण्याची शक्यता असते.