एआरटी (एचआयव्हीची औषधं) चालू आहे ना, मग काविळीच्या या दोन टेस्ट झाल्यात का बघा

गोळी रोज वेळेवर चाललीये, व्हायरल लोडही (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) दबलाय, छान, पण हिपॅटायटिस बी आणि सी कधी तपासलंत का? दोन्ही रक्तातून, वापरलेल्या सुईतून पसरतात, बी तर संबंधातूनही सहज, आणि वर्षानुवर्षं काही जाणवत नाही, डोळे पिवळे होतीलच असं नाही, आतून मात्र लिव्हर खराब होत राहतं, सोबत एचआयव्ही असला की जास्तच लवकर.

तर पुढच्या वेळी एआरटी सेंटरला गोळ्या आणायला जाल तेव्हा काउन्सेलरला सरळ विचारा, माझी एचबीएसएजी (बीची टेस्ट) आणि अँटी एचसीव्ही (सीची टेस्ट) झालीये का, आणि रिपोर्टचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा.

बी निघाला तर आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. आपली जी टीएलडी, म्हणजे एआरटीची रोजची गोळी आहे ना, त्यातली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन औषधं बीलाही दाबून ठेवतात, म्हणजे एकाच गोळीत दोन आजारांचा इलाज. पण मनाने बंद केली की बी उसळी मारतो आणि लिव्हर फेल होण्यापर्यंत जाऊ शकतं. आमच्या ओळखीतल्या एका दादाच्या गळ्यात घरच्यांनी काविळीची माळ घातली, पथ्य सुरू केलं आणि "आधी कावीळ उतरू दे" म्हणून गोळ्याच बंद केल्या, माळ रोज लांब होत गेली तसे सगळे खूश आणि दादा मात्र अंथरुणाला खिळला. कावीळ दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, गोळीचं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. किडनीमुळे टेनोफोविर बदलायची वेळ आली तरी "डॉक्टर, मला बी पण आहे" हे आवर्जून सांगा.

सीचं वेगळं आहे. अँटी एचसीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे आत्ता आजार आहेच असं नाही, त्यासाठी आरएनए टेस्ट (विषाणू आत्ता रक्तात आहे का ते दाखवणारी) लागते. ती पॉझिटिव्ह आली तरी खचू नका, सी बरा होतो, अगदी पूर्ण! बहुतेकांना सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर ही सीची औषधं १२ आठवडे पुरतात, सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन खराब होणं) असेल तर औषध किंवा मुदत बदलते. २०१८ मध्ये सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात. फक्त एआरटीच्या आणि असतील तर टीबीच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, कारण एआरटीत एफाव्हिरेन्झ हे औषध असेल तर डॅक्लाटासविरचा डोस बदलतो आणि टीबीचं रिफॅम्पिसिन चालू असताना ही औषधं देत नाहीत. बी पण असेल तर तेही सांगा, सीच्या औषधांच्या काळात तो डोकं वर काढू शकतो.

बी निगेटिव्ह असेल तर लस घ्या, साधारण ०, १, ६ महिन्यांनी, आपल्याला कधी दुप्पट डोस लागतो, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर (लसीने रक्तात किती संरक्षण तयार झालं ते) बघा, १० च्या वर हवं. सीला लस नाही आणि बरा झाल्यावरही परत होऊ शकतो, तेव्हा दुसऱ्याची सुई, ब्लेड नको. जोडीदाराची आणि मुलांची बीची टेस्ट त्याच आठवड्यात उरकून घ्या.