शिबिराहून परतलेल्या मुलांचा घरातला पहिला आठवडा

मे महिन्यात पाचगणीच्या ख्रिस्ती बालशिबिराहून परतणारी मुले पसरणी घाट उतरून वाईला येतात, तेव्हा सुमारे 1,300 मीटर उंचीवरची हवा मागे राहते आणि साताऱ्याचा उन्हाळा अंगावर येतो. हा उतार केवळ हवेचा नसतो. सकाळच्या घंटेपासून रात्रीच्या शेकोटीपर्यंत आठवडाभर प्रत्येक तास कोणीतरी आखून दिलेला असतो, गाण्याला शेकडो गळे असतात आणि शेजारी सतत सवंगडी असतात. घरी मात्र आई-वडील कामाला गेलेले आणि दुपार रिकामी. हे अंतर मुलाला एकट्याने कापावे लागू नये, यासाठी पालकांनी थोडी तयारी आधीच करून ठेवावी.

घाटातल्या वळणांनी पुष्कळ मुलांना मळमळते, म्हणून घरी पोहोचताच भरल्या ताटावर बसवू नये. आधी मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत द्यावे, आंघोळ होऊ द्यावी आणि मग मऊ वरण-भात वाढावा. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना रोज 9 ते 12 तास झोप लागते आणि शिबिरात ती क्वचितच पुरी होते. त्यामुळे पहिल्या दोन दिवसांतली चिडचिड बहुधा अपुऱ्या झोपेची असते, तिच्यात दुसरा अर्थ शोधू नये. बॅग ओसरीवर उघडावी, ओले कपडे त्याच दिवशी धुवावेत, परंतु शिबिरात केलेला निश्चय लिहिलेले चुरगळलेले वचनपत्र किंवा रंगीत कागदाची खूण कचरा समजून टाकू नये. डोक्यातील उवा पाहाव्यात आणि आठवड्याने पुन्हा पाहाव्यात, कारण लिखा फुटायला सात ते दहा दिवस लागतात.

"काय शिकलास?" हा प्रश्न पहिल्या संध्याकाळी विचारूच नये, कारण त्याचे उत्तर "खूप काही" एवढेच येते. त्याऐवजी जेवणाच्या रांगेत शेजारी कोण उभे राहायचे, रात्री दिवा कोण मालवायचे, कोणते गाणे रोज म्हणायचात, असे लहान प्रश्न भाकरी थापताना किंवा कपडे घड्या करताना विचारावेत. हातांना काम असले की मुले अधिक बोलतात. अशाच ओघात, मोठ्या माणसाने "हे घरी सांगू नकोस" असे काही सांगितले होते का, हेही शांतपणे विचारावे. शिबिर मंडळीचे, म्हणजे आपल्या चर्चचे, आहे म्हणून हा प्रश्न टाळणे मला मान्य नाही. उत्तरात काही खटकल्यास मुलाला दोष न देता ऐकून घ्यावे; बालकांसाठीची 1098 ही हेल्पलाइन दिवसरात्र उपलब्ध असते.

शेवटच्या रात्री अनेक मुले निर्णय घेतात: रोज प्रार्थना करीन, खोटे बोलणार नाही, भावाला क्षमा करीन. अशा वेळी घरातून दोन चुका होतात. एक म्हणजे "चार दिवसांचे नाटक" म्हणून हसणे आणि दुसरी म्हणजे येत्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे आपला श्रद्धेचा अनुभव सर्वांसमोर सांगायला, मुलाला पुढे ढकलणे. दुसरी चूक कौतुकाच्या वेषात येत असल्याने ती लवकर ओळखू येत नाही. बायबलातील मार्क 5:19 मध्ये येशू बऱ्या झालेल्या माणसाला प्रथम त्याच्या घरी, आपल्या माणसांकडे पाठवतो. मुलालाही तेवढीच मुभा असावी. स्वतःहून बोलायचे असेल, तर पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, सांगून दोन मिनिटांची वेळ मागावी.

निर्णयाला घरात लहानशी, ठरावीक जागा द्यावी. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटांची कौटुंबिक प्रार्थना पुरेशी आहे आणि तिच्यातले एक गाणे मुलाने निवडावे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी आयुष्याची अखेरची वर्षे साताऱ्यात काढली; त्यांची भजने आजीला तोंडपाठ असतात, तर नातू शिबिरातले हातवारे करून म्हणायचे गाणे घेऊन आलेला असतो. दोन्ही एकाच बैठकीत म्हणावीत, आजीला हातवारे शिकवण्याचे काम नातवाकडे द्यावे. पवित्र शास्त्र उत्पत्तीपासून वाचायचा उत्साह बहुधा लेवीय या तिसऱ्या पुस्तकापर्यंत पोहोचता पोहोचता मावळतो. त्यापेक्षा मार्कच्या शुभवर्तमानाचा रोज एक अध्याय घ्यावा, ते 16 दिवसांत पुरे होते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी भावंडांचे भांडण होईलच. तेव्हा "हेच का शिबिरात शिकवले?" हे वाक्य कटाक्षाने टाळावे, कारण त्याने श्रद्धा ही मारायची छडी होते आणि पुढच्या वर्षी मूल जायलाच नको म्हणते. भांडण भांडणासारखेच सोडवावे. शेजारच्या मित्रांना शिबिराच्या गोष्टी सांगण्यास हरकत नाही. मात्र त्यांच्या घरच्या देवाला किंवा जत्रेला नावे ठेवू नयेत, हे आधीच समजावून ठेवावे.

नव्या सवंगड्यांची आठवण काढून मूल दोन-चार दिवस उदास राहते, ते साहजिक आहे. दोन आठवड्यांनंतरही जेवण आणि झोप ताळ्यावर आली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. एरवी मिरजेच्या किंवा कराडच्या मैत्रिणीला एक पत्र लिहायला बसवावे आणि बॅगेत चुकून आलेला तिचा टॉवेल धुऊन त्याच पाकिटाबरोबर पाठवून द्यावा.