जेवणानंतरची पंधरा मिनिटं

नॅट, म्हणजे नेटवर्कच्या वेशीवर पत्ते बदलणारी सोय, तुम्हाला माहीत आहे असं धरून चालते. आतले खासगी पत्ते एका पब्लिक आयपीमागे जातात, पोर्ट (कनेक्शन ओळखायचा क्रमांक) बदलतो, कोणता पोर्ट कुणाचा याची नोंद टेबलात राहते. इंटरव्ह्यूत मी हे धडाधड सांगितलं होतं. ती नोंद पुसली कधी जाते, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही शोधलं नाही. पहिल्याच नोकरीत त्यापायी तीन आठवडे गेले.

आमचं जावा ॲप्लिकेशन एका डेटासेंटरमध्ये, पोस्टग्रेस हा डेटाबेस दुसरीकडे आणि मध्ये नॅट करणारी फायरवॉल. सकाळभर सगळं सुरळीत. जेवणाच्या सुट्टीनंतर जो पहिला रिपोर्ट उघडेल, त्याच्यासमोर चक्र फिरत राहायचं. पंधरा मिनिटांनी एरर, मग पुन्हा सगळं ठीक. सीनियर म्हणायचे, 'रिस्टार्ट मार.' नव्या माणसाला रिस्टार्ट शिकवणारा सीनियर त्याचं नुकसान करतो, हे माझं ठाम मत आहे. रिस्टार्टनं पुरावाच पुसला जातो.

नीट लक्ष द्या, घोळ इथेच आहे. कनेक्शन पूलनं, म्हणजे परत परत वापरायला कनेक्शनं राखून ठेवणाऱ्या भागानं, कनेक्शनं उघडी ठेवली होती. ॲप्लिकेशनच्या लेखी सेशन चालू, डेटाबेसच्याही लेखी चालू. पण अर्धा तास एकही पॅकेट गेलं नाही म्हणून फायरवॉलनं आपली नोंद काढून टाकली, आणि दोन्ही बाजूंना काहीच कळवलं नाही. जेवणानंतर गेलेलं पॅकेट तिनं गुपचूप टाकून दिलं. उत्तर येत नाही म्हणून लिनक्स तेच पॅकेट वाढत्या अंतरानं १५ वेळा पुन्हा पाठवतो. ही बेरीज साधारण ९२५ सेकंद होते. आमची पंधरा मिनिटं ती हीच.

मग मी कीपअलाइव्ह वाचलं, म्हणजे शांत कनेक्शनवर अधूनमधून छोटं पॅकेट पाठवून ते जिवंत आहे का बघणं. लिनक्समध्ये ते मुळात ७२०० सेकंदांवर, म्हणजे दोन तासांवर असतं. मी सिसकंट्रोलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या सेटिंगमध्ये, ३०० केलं, ॲप्लिकेशन पुन्हा चालू केलं आणि निश्चिंत घरी गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी तेच. तो आकडा फक्त ज्या सॉकेटनं (कनेक्शनच्या प्रोग्रॅमकडच्या टोकानं) कीपअलाइव्ह मागितलंय त्यालाच लागतो, आणि जावाला पोस्टग्रेसशी जोडणाऱ्या जेडीबीसी ड्रायव्हरमध्ये ते मुळात बंद असतं. 'एसएस -टीएनओ' (ss -tno) ही उघडी कनेक्शनं दाखवणारी कमांड चालवली तर ओळीच्या शेवटी टायमर दिसायला हवा. आमच्या एकाही ओळीत तो नव्हता. ड्रायव्हरमध्ये चालू केल्यावर तिथे कीपअलाइव्हचे मिनिट-सेकंद उतरताना दिसले, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

घाबरू नका, हे सगळ्यांचं होतं. फक्त मानकावर विसंबू नका. आरएफसी ५३८२ हे इंटरनेटचं मानक सांगतं की चालू टीसीपी सेशनची (आमचं डेटाबेसचं कनेक्शन याच प्रकारचं) नोंद निदान २ तास ४ मिनिटं ठेवावी. पण ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडचा नॅट गेटवे ३५० सेकंदांनंतर सोडून देतो. यूडीपीचं, म्हणजे कनेक्शन न जोडताच पॅकेट पाठवणाऱ्या पद्धतीचं, तर विचारूच नका, उत्तर न आलेली नोंद लिनक्स ३० सेकंदांतच काढतो.

पूल वाढवून प्रश्न मिटत नाही, त्यानं दुसरा प्रश्न उभा राहतो. लिनक्स बाहेर जाताना ३२७६८ ते ६०९९९ एवढेच पोर्ट वापरतो, आणि बंद केलेलं कनेक्शन ६० सेकंद टाइम-वेट या अवस्थेत पोर्ट धरून अडकून राहतं, म्हणून पोर्ट संपू शकतात.

घरी करून बघायचं असेल तर तीन नेटवर्क नेमस्पेस, म्हणजे एकाच लिनक्सवरची तीन वेगळी नेटवर्कं, पुरतात. मधल्यात मास्करेड (लिनक्सचं नॅट) लावा आणि टेबलातले बदल दाखवणारी 'कॉनट्रॅक -ई' (conntrack -E) ही कमांड चालू ठेवा. लिनक्सची टीसीपी नोंद मुळात ५ दिवस टिकते, म्हणून माझ्या लॅपटॉपवर बिघाड कधी दिसलाच नाही. ती मुदत ६० सेकंदांवर आणा. 'टीसीपी लूज' (nf_conntrack_tcp_loose) हे सेटिंगही शून्य करा, नाहीतर मधूनच आलेल्या पॅकेटवरून लिनक्स नवी नोंद करून घेतो आणि सेशन पुन्हा चालू होतं. मग एक कनेक्शन उघडून हात न लावता बसा. मिनिटभरानंतर 'डिस्ट्रॉय'ची, म्हणजे नोंद पुसल्याची, ओळ येते, आणि दोन्ही टोकांना मात्र कनेक्शन अजून 'एस्टॅब्लिश्ड'च, म्हणजे जोडलेलंच, दिसत असतं.