काविळीवर झाडपाला घेताय? या चुका टाळा

पावसाळा लागला की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, "ताई, भुईआवळी कुठे मिळेल?" घरात कुणाचे तरी डोळे पिवळे झालेले असतात. मी आधी विचारते, रक्त तपासलं का? बहुतेकदा उत्तर "नाही" असतं, आणि सगळ्यात मोठी चूक तीच आहे. कावीळ हे लक्षण आहे. दूषित पाण्यातून आलेला हिपॅटायटिस (विषाणूमुळे यकृताला येणारी सूज) ए किंवा ई असेल, रक्तातून आलेला बी असेल, पित्तनलिकेत खडा अडकला असेल, नाहीतर एखाद्या औषधानेच यकृत सुजलं असेल. डोळे सगळ्यांचे सारखेच पिवळे. हिपॅटायटिस ए बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो आणि श्रेय पाल्याला मिळतं. पण तोच पाला घेऊन अडकलेला खडा सुटत नाही. गरोदर बाईला हिपॅटायटिस ई झाला तर जिवावर बेततं, तिथे एक दिवसही दवडू नका.

कावीळ 'उतरवणाऱ्यां'कडे तर जाऊच नका. हाताला रस चोळून चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात, पाणी पिवळंधमक होतं. आंब्याच्या सालीचा रस चोळून मी स्वतः करून पाहिलंय. मला कावीळ नव्हती, तरी वाटीतलं पाणी पिवळं झालं.

भुईआवळीवर १९८८ साली मद्रासच्या संशोधकांनी हिपॅटायटिस बीच्या वाहकांवर, म्हणजे अंगात तो विषाणू टिकून असलेल्यांवर, केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष आशादायक होते. पुढच्या अभ्यासांत मात्र तसा गुण दिसला नाही. म्हणून बीच्या गोळ्या चालू असतील तर भुईआवळीच्या भरवशावर त्या बंद करू नका. मध्येच थांबवल्या तर विषाणू उसळून यकृत निकामी होऊ शकतं.

गुळवेलीबद्दल मला जास्त कळकळ वाटते, कारण ती आपल्या कुंपणावरची आणि विश्वासाची. करोनात घरोघरी काढा उकळत होता. २०२० च्या अखेरीस मुंबईत काढा घेणाऱ्या सहा जणांना यकृताची इजा झाल्याचं डॉक्टरांनी नोंदवलं, आणि २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांमधले असे ४३ रुग्ण समोर आले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीशी गल्लत होते. त्या वेलीच्या खोडावर गाठी बऱ्याच ठळक असतात. म्हणून पानावरून नको, खोडावरून ओळखा. पण ओळख पक्की असली तरी महिनोन्‌महिने रोज पिऊ नका. थायरॉइड, संधिवात असा प्रतिकारशक्तीचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

हळदीचंही तसंच. भाजीतली हळद बिनधास्त खा. मिरीचा अर्क घातलेल्या कॅप्सूल वेगळ्या. मिरीमुळे हळदीतलं कर्क्युमिन हे द्रव्य कितीतरी जास्त शोषलं जातं, आणि अशा कॅप्सूलनी यकृताला सूज आलेली आहे.

काविळीत उसाचा रस प्यायचा तर घरचा, रस्त्यावरचा बर्फ घातलेला नको. ज्या पाण्याने कावीळ आली तेच पुन्हा पोटात जाईल.

पाला चालू असताना लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, अन्न नकोसं झालं तर लगेच सगळा झाडपाला आणि काढे बंद करा आणि बिलिरुबिन, एसजीपीटी, आयएनआर या यकृताचं काम दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करा. दवाखान्यात जाताना बाटली, पुडी, उरलेली मुळी पिशवीत घालून न्या. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका, त्या पिशवीवरून निदान लवकर होतं. रुग्ण बरळायला लागला किंवा दिवसभर गुंगीत राहिला तर मोठ्या रुग्णालयात न्या, त्याच रात्री.