प्रॉम्प्टमधला अर्धा रस्ता गायब झाला तर

म्हापशातल्या दुकानदारांचे हिशेब मी लिनक्सवर ठेवतो. म्हापसा, डिचोली, फोंडा, प्रत्येक फोल्डरात एक 'बिले'. प्रॉम्प्ट (टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करायच्या आधी दिसणारा मजकूर) नुसतं 'बिले' दाखवायला लागलं, की आपण कुठल्या गावात उभे आहोत ते कळत नाही, आणि अशा वेळी फाइल पुसणारी आज्ञा देणं म्हणजे डोळे झाकून रस्ता ओलांडणं!

आधी पीडब्ल्यूडी (pwd) टाइप करा. पूर्ण पाथ, म्हणजे फोल्डरापर्यंतचा सगळा पत्ता, दिसला तर काही हरवलेलं नाही, दाखवण्यात काटछाट आहे.

मग ईको वापरून (echo $PS1) पीएस१ ची किंमत बघा; प्रॉम्प्ट कसं दिसावं ते हे व्हेरिएबल ठरवतं. उलट्या तिरक्या रेघेपुढे मोठा डब्ल्यू असेल तर फक्त शेवटचं फोल्डर दिसतं. तो छोटा करा, पूर्ण पाथ येतो. (सुरुवातीची नागमोडी रेघ म्हणजे तुमचं होम फोल्डर, ती तशीच राहू द्या.)

डब्ल्यू छोटाच आहे आणि मध्ये तीन टिंबं येतात? मग प्रॉम्प्ट-डिरट्रिम (PROMPT_DIRTRIM) नावाचं व्हेरिएबल तपासा. ते २ असेल तर शेवटची दोनच फोल्डरं दिसतात. मला हेच आवडतं: 'डिचोली/बिले' एवढं पुरतं. नको असेल तर अनसेट करा. ही सोय बॅश (टर्मिनलमधल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम) ४ पासूनची, मॅकवरच्या ३.२ मध्ये ती चालत नाही.

बदल टिकवायचा तर होममधल्या बॅशआरसी (.bashrc) फाइलीत अगदी तळाशी लिहा, कारण खालची ओळ वरचीला खोडते. नवं टर्मिनल उघडून बघा.