‘यादृच्छिक’ म्हणजे काय हो?

बी.फार्म. करून पुण्यातल्या एका रुग्णालयात क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून लागले, तेव्हा एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या औषध-चाचण्या तपासून मंजुरी देणारी समिती, हे निव्वळ सहीशिक्क्याचं टेबल, एवढीच माझी समजूत होती. फाइल द्यायची, मंजुरीचं पत्र आलं की पेशंट घ्यायला मोकळे.

पहिल्याच मीटिंगला ती समजूत गळून पडली. मधुमेहाच्या औषधाची चाचणी होती. कमिटीवरच्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी मराठी संमतीपत्रावर बोट ठेवलं, “यादृच्छिक म्हणजे काय हो?” आमचे सर समजावू लागले, तर त्या म्हणाल्या, “मला नका सांगू, कागदावर लिहा.” मग लिहिलं, ‘कोणतं औषध मिळेल हे नाणेफेकीसारखं ठरेल, डॉक्टर ते निवडणार नाहीत.’ लगेच पुढचा प्रश्न: “शिरूरहून येणाऱ्या बाईचा रोज बुडाला तर?” आमच्या बजेटात फक्त एसटीचं भाडं होतं. सुधारित कागद पुढच्या मीटिंगला गेले, महिना गेला. खरं सांगते, चिडले होते मी.

नव्यांनी औषध-चाचण्यांचे 2019 चे नियम एकदा तरी वाचावेत. कमिटीत किमान 7 जण, त्यातले निम्मे तरी संस्थेबाहेरचे. कायद्याचा जाणकार हवा, आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य माणूसही. तो हजर नसेल तर कोरमच होत नाही.

पण नुसत्या मंजुरीवर विसंबू नका. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममच्या एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावाची लस) प्रकल्पालाही कमिटीची मंजुरी होती. तरी तिथे बऱ्याच मुलींच्या संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्या. 2010 मध्ये तो थांबवावा लागला. म्हणून मंजुरीनंतरही कमिटीने साइटवर यावं, फॉर्म तपासावेत. आली तर तोंड वाकडं करू नका.

बाकी रोजची कटकट आहेच. संमतीपत्राची आवृत्ती आणि तारीख जुळत नाही, संपर्काचा फोन नंबर कोराच राहतो. गंभीर प्रतिकूल घटना (मृत्यू, रुग्णालयात दाखल करावं लागणं असं काही) घडली की 24 तासांत कमिटीला कळवायचं, मग दिवाळी असो.

आता मराठी फॉर्म पाठवण्याआधी मी तो वॉर्डातल्या मावशींना वाचून दाखवते. गेल्या खेपेला ‘प्रतिकूल घटना’पाशी त्यांनी थांबवलं. “म्हणजे औषधाने काही त्रास झाला तर, असंच ना?”

“नुसता औषधानेच असं नाही मावशी, चाचणी चालू असताना कशानेही.”

“मग तसं लिहा की!”

भाषांतर पुन्हा करून घेतलं.