पियानो साथीला बसतो तेव्हा

साथीला बसणाऱ्या माणसाचे कान वेगळे तयार होतात. गवई समेवर कुठून येणार हे हाताला आधी कळतं, डोक्याला मागाहून. मी सांगलीत वीसेक वर्षं तबल्याची साथ केली, भजनी मंडळांपासून मिरजेतल्या घरगुती बैठकींपर्यंत. पाश्चात्त्य संगीताकडे वळलो तोही हेच कान घेऊन. आमचं दहा-बाराजणांचं श्रोतृमंडळ आहे, आणि त्यासाठी मी एकाच रचनेच्या वेगवेगळ्या रेकॉर्डिंगची तुलना करून टिपणं लिहितो. नव्याने येणारी मुलं हमखास विचारतात, "काका, सगळे तेच तर वाजवतात. मग हा चांगला आणि तो डावा, हे ठरवायचं कसं?" त्यांच्यासाठी हे लिहितोय.

कॉन्चेर्तो म्हणजे एक वादक पुढे आणि मागे साठ-सत्तर जणांचा वाद्यवृंद. (ऑर्केस्ट्रा म्हटलं की आपल्याकडे गणपतीतला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांसमोर येतो, म्हणून मी वाद्यवृंदच म्हणतो.) रोमँटिक काळातले पियानो कॉन्चेर्तो म्हणजे ढोबळमानाने रचनाकार शोपाँच्या १८३० मधल्या कॉन्चेर्तोपासून रखमानिनोव्हच्या १९०१ मधल्या कॉन्चेर्तोपर्यंतचे. यात सूर न् सूर लिहिलेला असतो. वादकाच्या हाती उरते ती लय, बोटांचं वजन आणि कुठे किती थांबायचं ते. एवढ्याशा जागेत माणसामाणसांत केवढा फरक पडतो हे कळायला लागलं, की मग या नादातून सुटका नाही.

नवा श्रोता पियानोच्या मागे धावतो: वेग, ताकद, बोटांची चपळाई. मीही तेच केलं आणि त्यात दोन वर्षं घालवली. आज माझं ठाम मत आहे की पियानोवादक ओळखायचा असेल तर तो साथ करत असतो ती जागा शोधा. या कॉन्चेर्तोंमध्ये अशा जागा भरपूर आहेत आणि त्यातल्या काही अगदी प्रसिद्ध आहेत. चायकोव्हस्कीच्या पहिल्या कॉन्चेर्तोची सुरुवात घ्या. पियानोचे ते प्रचंड कॉर्ड (एकदम दाबलेले अनेक स्वर) सगळ्यांच्या लक्षात राहतात, पण तिथे चाल आहे व्हायोलिन आणि चेलोंकडे (चेलो म्हणजे व्हायोलिनच्याच घराण्यातलं मोठं, खर्जाचं वाद्य). पियानो साथ करतोय! हे एकदा कळलं की निम्मी रेकॉर्डिंग वेगळी ऐकू येतात. काही वादक ते कॉर्ड असे आदळतात की मागची चाल जमिनीत गाडली जाते. चायकोव्हस्कीने मुळात ते कॉर्ड स्वर ओघळत जातील असे, मृदू लिहिले होते. आज ऐकू येतात ते ठोस ठोके नंतरच्या आवृत्तीतले. पियानोवादक किरिल गेर्श्टाइन यांनी १८७९ ची आवृत्ती वाजवली आहे. ती ऐकाच. व्हायोलिनवाल्यांना अचानक मोकळा श्वास मिळाल्यासारखं वाटतं.

आता माझी एक चूक सांगतो, कारण ती प्रत्येकाच्या वाट्याला येते. विश्रामबागेतल्या एका मित्राने मला हीच सुरुवात तीनदा ऐकवली, वादकांची नावं न सांगता. मी पानभर लिहिलं. पहिलं कोरडं वाटलं. दुसरं भरदार, कॉर्डमध्ये वजन, चालीला उठाव. तिसरं बरं. लिहून झाल्यावर त्याने लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. पहिली आणि दुसरी फाइल एकच होती. दुसऱ्या वेळी त्याने आवाज फक्त दोन घरं वाढवला होता.

त्या रात्री झोप लागली नाही. पुढच्या रविवारी मिरजेला सतारमेकर गल्लीत ओळखीच्या मामांकडे गेलो. ते तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेचा नाद खुलेल अशी जुळणी करत होते. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो. तो केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचा, तार छेडायची, मान कलती करून ऐकायचं, पुन्हा सरकवायचा. मी झालेली गोष्ट सांगितली. त्यांनी हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाले, "आवाज मोठा झाला म्हंजी जवारी लागली असं न्हाई, बाळा. तार सोडल्यावर मागं काय उरतंय ते ऐक." मग धागा एका जागी बसला आणि तार अशी उघडली की बोट उचलल्यावरही खोलीत सूर फिरत राहिला. आवाज मात्र आधीइतकाच होता.

तेव्हापासून कुठलीही दोन रेकॉर्डिंग शेजारी ठेवण्याआधी मी त्यांचा आवाज एकसारखा करून घेतो. फोनवर आवाज मोजणारं साधं ॲप असलं तरी चालतं. आणि नावं झाकून ऐकतो. नावाचा परिणाम किती होतो याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे जॉयस हॅटो यांचं प्रकरण. या ब्रिटिश वादिकेच्या नावावर उतारवयात शंभरहून अधिक सीडी निघाल्या आणि जाणकारांनी त्यांची तोंडभरून स्तुती केली. २००७ मध्ये उघड झालं की ती रेकॉर्डिंग इतरांची होती, काही ठिकाणी वेग थोडा कमीजास्त करून खपवलेली. त्यांच्या नावावरचा रखमानिनोव्हचा तिसरा कॉन्चेर्तो मुळात पियानोवादक येफिम ब्रॉन्फमन आणि संचालक एसा-पेक्का सालोनेन यांचा होता. ऐकणारे कच्चे नव्हते. आजारपणाशी झुंजत वाजवणाऱ्या वादिकेची गोष्ट त्यांच्या कानांच्या आधी पोहोचली होती.

मामांचं 'मागं काय उरतंय' मी रखमानिनोव्हच्या दुसऱ्या कॉन्चेर्तोवर लावून पाहिलं. सुरुवातीला पियानो एकटाच. आठ बारमध्ये (बार म्हणजे मात्रांचा छोटा गट) कॉर्ड हळूहळू मोठे होत जातात आणि प्रत्येक कॉर्डनंतर खाली खर्जात एक सूर घंटेसारखा पडतो. ज्यांचा पंजा लहान त्यांना हे कॉर्ड एका झटक्यात पकडता येत नाहीत, स्वर मोडून वाजवावे लागतात. तो दोष धरू नका. कॉर्ड आणि खर्ज यांच्यामधल्या जागेत काय शिल्लक राहतं ते ऐका. आणि त्यानंतर लगेच काय होतं? चाल व्हायोलिन उचलतात आणि पियानो पुन्हा साथीला बसतो, लाटांसारखे स्वर सोडत. स्वतः रखमानिनोव्ह यांनी १९२९ मध्ये संचालक लिओपोल्ड स्टोकोव्हस्की आणि फिलाडेल्फिया वाद्यवृंदाबरोबर हे वाजवलं, ते आजही उपलब्ध आहे. त्यात ते साथीच्या जागी रेंगाळत नाहीत, चाल पुढे ढकलत नेतात. स्व्यातोस्लाव रिख्तर यांचं १९५९ चं वॉर्सातलं रेकॉर्डिंग अगदी उलट: ते सुरुवातीचे कॉर्ड इतके सावकाश की ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. माझं मन रिख्तरवर आहे. तरी टिपणात मी रचनाकाराचं रेकॉर्डिंग वर ठेवलं, कारण तिथे व्हायोलिनची चाल जास्त गाते.

इथे एक सावधगिरी. सभागृहात बसलात तर या जागी पियानोचे बरेचसे स्वर वाद्यवृंदात बुडून जातात. रेकॉर्डिंगवर ते लख्ख ऐकू येत असतील, तर ती करामत बोटांची की पियानोजवळ लावलेल्या माइकची, हे विचारा. ओळखायची सोपी खूण अशी: एकट्या क्लॅरिनेटची किंवा ओबोची (दोन्ही फुंकून वाजवायची वाद्यं) जागा आली की ती वाद्यं पियानोच्या मानाने किती लांब वाटतात ते बघा. ती पार मागच्या गल्लीत असल्यासारखी वाटली, तर पियानो मुद्दाम पुढे ओढलाय. स्टुडिओतली रेकॉर्डिंग बहुतेकदा अनेक टेकचे तुकडे जोडून होतात हेही ध्यानात असू द्या. एखादी मैफलीतली चुकलेली तान मी सहज माफ करतो.

रेकॉर्डिंग किती ऐकावीत? थोडी. हे मला २०१९ च्या महापुराने शिकवलं. गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरलं, खालच्या कपाटातल्या सगळ्या सीडी चिखलात गेल्या. माळ्यावरच्या एका पिशवीत नऊ उरल्या आणि त्यांत शुमानच्या ए मायनर कॉन्चेर्तोची तीन रेकॉर्डिंग होती. घर साफ होऊन परत बसायला जागा होईपर्यंत आणि पुढचे कित्येक महिने मी तीच तीन ऐकली. दीडशे सीडी असताना जे कळलं नव्हतं ते तिथे कळलं.

शुमानने याची पहिली मूव्हमेंट, म्हणजे रचनेचा पहिला भाग, १८४१ मध्ये लिहिली, पूर्ण कॉन्चेर्तो १८४५ मध्ये झाला आणि तो पहिल्यांदा वाजवला त्याच्या बायकोने, क्लारा शुमानने. पहिल्या मूव्हमेंटच्या मध्यात लय सैलावते आणि पियानो आणि क्लॅरिनेट एकमेकांशी बोलू लागतात. क्लॅरिनेट म्हणजे आपल्या लग्नाच्या बँडमधलंच वाद्य, वाजवणाऱ्याला श्वास घ्यावा लागतो. तो श्वास घेतो तेवढा वेळ पियानोचा डावा हात काय करतो? दिनू लिपात्ती यांच्या १९४८ च्या रेकॉर्डिंगमध्ये, कारायान यांच्या संचालनाखाली, तो हात अगदी कणभर थांबतो. मुद्दाम लक्ष दिल्याशिवाय कळत नाही. गवयाने आलाप आवरता घेताना तबलजी ठेका जसा किंचित मऊ करतो, तसं. लिपात्ती तेव्हा गंभीर आजारी होते, दोन वर्षांनी, तेहेतिसाव्या वर्षी गेले. ऐकताना ते मनातून बाजूला ठेवा, नाहीतर पुन्हा हॅटोच्या वाटेला लागाल.

शेवटच्या मूव्हमेंटमध्ये तबला येणाऱ्यांसाठी मेवा आहे. ताल तीनचा आहे, पण दुसरी चाल येते तेव्हा दादऱ्याच्या सहा मात्रा तीन-तीन न मोजता दोन-दोन-दोन मोजल्यासारख्या चालतात. मांडीवर बोटाने दादरा धरा आणि ऐका. चांगल्या रेकॉर्डिंगमध्ये तुमचं बोट आणि वाद्यवृंद एकमेकांना ओढत राहतात, तरी तोल जात नाही. ढिल्या रेकॉर्डिंगमध्ये तुमचं बोटच गोंधळून थांबतं. माझ्याकडचं एक नावाजलेलं रेकॉर्डिंग याच जागी कोसळतं आणि मी ते कुणाला सुचवत नाही.

लिहिताना मिनिट-सेकंद टाकून लिहा. 'भावपूर्ण', 'तंत्रशुद्ध' असले शब्द पहिल्या वर्षी वापरूच नका, ते कुठल्याही रेकॉर्डिंगला चिकटतात. स्वरलिपी आयएमएसएलपी या संकेतस्थळावर फुकट मिळते. वाचता आली नाही तरी कुठल्या ओळीत कोणतं वाद्य आहे एवढं आठवड्याभरात जमतं आणि तेवढ्याने चाल कुणाकडे आहे ते सापडतं. यावर पोट भरत नाही हे आधीच सांगतो. माझं पोट बँकेच्या नोकरीवर भरलं. कार्यक्रमपत्रिकेतली टिपणं, एखाद्या दिवाळी अंकातला लेख, एवढंच हाती येतं.

शुमान पचला की ब्राम्सच्या दुसऱ्या कॉन्चेर्तोकडे जा आणि थेट तिसरी मूव्हमेंट लावा. पियानोवादक एमिल गिलेल्स आणि संचालक ऑयगेन योखुम यांचं १९७२ चं बर्लिनमधलं रेकॉर्डिंग घ्या. सुरुवातीला एकटा चेलो गातो आणि पियानो बराच वेळ गप्प असतो. आल्यावरही चेलोची ती चाल तो जशीच्या तशी कधीच वाजवत नाही. आमच्या मंडळात यंदा आलेल्या अकरावीतल्या मुलीने पहिल्याच बैठकीत हे ऐकून वहीत एकच ओळ लिहिली: "पियानो येतो तेव्हा चेलो अजून खोलीत आहे असं वाटतं." मी तिला शेजारी बसवून ती जागा पुन्हा लावली, आवाज न वाढवता.